चारखंडांचा दर

मे महिना निम्मा सरला की टेकडीवरच्या वरच्या आळीला फणसाचा वास सुटतो. घाटकोपर स्टेशनाहून रिक्षा केली तर ती चढणीच्या तोंडाशीच हात टेकते, तिथून पुढे आपले पाय आणि पायऱ्या. दम लागून थांबावंसं वाटलं की समजावं अर्धं आलो, आणि फणसाचा वास आला की समजावं पोचलो. आळीतली घरं सगळी सिंधुदुर्गातली. बापजादे गिरणीत होते, आता कोणी कुरियरला, कोणी बँकेत शिपाई, कोणी मॉलमध्ये. पण मे महिन्यात सगळे गावाला जातात आणि परत येताना लक्झरीच्या टपावर फणसांची पोती घालून आणतात. पोतं खांद्यावर घेऊन पायऱ्या चढताना कोणी कुरकुरत नाही. वर काय चाललंय ते सगळ्या टेकडीला दिसावं हीच तर इच्छा असते.

धोंडू परबाने त्या साली पाच फणस आणले होते. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून त्याने उरलेली नोकरी काढली होती आणि आता तो घरी होता. घरी म्हणजे ओट्यावर. मंडळात त्याच्या शब्दाला मान होता, गणपतीची मूर्ती कोणाकडून आणायची हे अजून त्यालाच विचारत. फणस कापण्यात तर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी कोयत्याला खोबरेल लावून बसायचा आणि निम्मी आळी पुढ्यात जमायची. गरे घरोघर जायचे, आठळ्या म्हणजे आतल्या बिया वाळत पडायच्या, आणि रात्री गोणपाटाखाली उरायची ती चारखंडं, म्हणजे फणसाची काटेरी जाड सालं, चिकाने भरलेली, एकेक वीटभर वजनाची.

त्या सकाळी तो ओट्यावर बसून कोयत्याचा चीक खरवडत होता, तेव्हा शेवंती आली.

शेवंती ही आळीचा कचरा नेणारी. महापालिकेची गाडी खाली रस्त्यावर उभी राहते, ती काही पायऱ्या चढत नाही. म्हणून आळीने मिळून शेवंतीला ठेवलं होतं, घरामागे महिना पन्नास. जालन्याकडून लग्न होऊन ती या टेकडीवर आली, खालच्या अंगाला बुद्धविहाराजवळ राहत होती, आणि गेली अकरा वर्षं रोज निळं प्लास्टिकचं अर्धं कापलेलं पिंप घेऊन वर येत होती. डोक्यावर जुन्या साडीची चुंबळ, हातात लोखंडी आकडा. बोलायची कमी. आळीत तिची गट्टी फक्त धोंडूच्या बायकोशी, सुगंधाशी. शेवटचं घर परबांचं, तिथे सुगंधा तिला कपभर चहा द्यायची आणि दोघी दोन मिनिटं पायऱ्यांवर बसायच्या.

त्या दिवशी शेवंतीने गोणपाट उचललं, चारखंडांकडे पाहिलं आणि पिंप खाली ठेवलं.

"काका, एक बोलायचं होतं."

"बोल."

"एक तारखेपासून ऐंशी करा. पन्नासात न्हाई भागत आता."

धोंडूने कोयता बाजूला ठेवला. "ऐंशी कित्याक?"

"ह्याच्यामुळं." तिने आकड्याने चारखंडं दाखवली. "एरवी आळीच्या दोन खेपा होतात. मे लागला की चार. मान जाग्यावर राहत न्हाई."

आता धोंडूला राग यायचं तसं कारण नव्हतं. तीस रुपयांनी त्याचं घर बसणार नव्हतं. पण विषय फणसाचा निघाला आणि तो गावच्या फणसाबद्दल ऐकून घेणारा माणूस नव्हता. गावी चारखंडं गोठ्यात जातात, गुरं मिटक्या मारत खातात. पानं, करवंट्या, केरकचरा, प्रत्येकाला गावी जागा आहे. कचरा म्हणून तिथे काही उरतच नाही, मग त्याला पैसे कसले?

"फणस आमचो," तो म्हणाला. "झाड आमचा. टपाचा भाडा आमी दिला, पायऱ्यांवरसून चढवलो आमी. आणि सालीचे पैशे तू मागतंस?"

"सालं कोणाची मग?" शेवंतीने विचारलं.

तिने अगदी साधेपणाने विचारलं. पण शेजारच्या दारात भांडी घासत बसलेली लता फिस्सकन हसली, आणि तिथेच सगळं बिनसलं. बाईमाणसाच्या हसण्याने धोंडूची मान ताठ व्हायची, ही त्याची जुनी खोड.

"माझो कचरो मी नेतलंय," तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला. "उद्यापासून माझ्या दारात येव नको."

 शेवंतीने चारखंडं तशीच ठेवली, पिंप उचललं आणि ती पायऱ्या उतरून गेली. आत सुगंधाने चहाचा गॅस बंद केला. नवऱ्याशी चाळीस वर्षं संसार केलेली बाई ती, कधी बोलायचं आणि कधी गंमत बघायची हे तिला चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी धोंडू इस्त्रीचा शर्ट घालून कचरा टाकायला निघाला. कचरा त्याने दादरच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत भरला होता. बघणाऱ्याला वाटावं, परबकाका कुणाला आहेर करायला चालले. गाडीवर पिशवी रिकामी केली, घडी करून खिशात घातली, खाली टपरीवर चहा घेतला आणि शीळ घालत वर आला.

"झाला?" सुगंधाने विचारलं.

"ह्यात काय होता?" तो म्हणाला. "पाय मोकळे झाले उलट. ह्याचे ऐंशी रुपये."

"बरा," सुगंधा म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे नाश्ता ठेवला.

टेकडीवर एक रीत आहे. खाली जाणारा रिकाम्या हाताने जात नाही आणि वर येणारा रिकाम्या हाताने येत नाही. कोणी चपला शिवायला देतो, कोणी लाइटचं बिल, कोणी दळणाचा डबा. पायऱ्याच एवढ्या, की एकाच्या खेपेत चार जणांची कामं उरकली पाहिजेत. या रीतीला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणं. धोंडूने स्वतः इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याकडून तंबाखू, पाव, दूध, औषधं मागवली होती. एकदा तर बाळ तावड्याकडून गॅसची शेगडी वर आणवली होती.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी लता दारात आली आणि म्हणाली, "काका, खाली जातास मां? मगे ह्या एवढा घेवन जावा," तेव्हा धोंडूने हात पुढे केला. पिशवीत काय आहे ते त्याला वासाने कळलं. पण हात पुढे झाला होता.

लतामागून तावडे. तावड्यांमागून कोपऱ्यावरच्या नलिनीबाई, त्यांचे तर गुडघे गेलेले, त्यांना कोण नाही म्हणणार? आठवडा उलटेपर्यंत खाली जाताना धोंडूच्या दोन्ही हातांत मावेनात इतक्या पिशव्या झाल्या. मग त्याने मंडळाची पताकेची काठी काढली, तिच्या दोन टोकांना पिशव्या बांधल्या आणि गावी पाण्याची कावड न्यायचा तशी ती खांद्यावर घेतली. पहिल्या दिवशी आळीने कौतुक केलं. तावडे म्हणाला, "काका, अजून कावड इसारलास नाय तर." धोंडू खूश झाला. खोटं कशाला बोला, त्याला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

पण कावड सपाट वाटेवर डुलते, पायऱ्यांवर ती आडवी जाते. वळणावर एक टोक भिंतीला घासायचं, दुसऱ्या टोकाची पिशवी मांडीवर आपटायची. रविवारी घरोघर मासळी झालेली असायची, सोमवारी पिशव्यांतून ते पाणी ठिबकत पँटवरून चपलेत जायचं आणि चपलेत पाय सरकायचा. चढताना धाप लागायची, पण उतरणं त्याहून वाईट. उतरताना सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर आणि अंगठ्याच्या नखावर. चारखंडांचा चीक शर्टाला लागला तो निघेना. सुगंधाने रॉकेल लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं, शेवटी तो शर्ट कचऱ्याचा शर्ट म्हणून दाराबाहेरच्या खिळ्याला लटकला. इस्त्रीची हौस तिथे संपली.

खांद्याचं दुखणं तो सोसत होता. दुसरंच काहीतरी त्याला टोचायला लागलं होतं, आणि ते काय आहे हे कळायला त्याला दोन दिवस लागले. पहिल्यांदा लोक पिशवी हातात द्यायचे, "काका, तुमका त्रास" म्हणायचे. मग पिशव्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या दिसायला लागल्या. मग दारं लागलेली असायला लागली. कोणी गाठ मारायचं विसरलं, कोणी पोराचे डायपर तसेच वर टाकले. एका सकाळी तो लताच्या दाराशी वाकला होता, आणि तिची नात खिडकीतून बघून आत ओरडली, "आज्जी, कचरा आला."

लताने आतूनच म्हटलं, "भायर ठेवलंय गो."

पोर पाच वर्षांची. तिची काही चूक नव्हती, शेवंती यायची तेव्हाही ती हेच ओरडायची. धोंडूनेही ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी त्याने पिशवी उचलली, काठीला बांधली, आणि त्याच्या कानशिलांवर ऊन आलं. सकाळ होती, ऊन अजून तिथवर पोचलंही नव्हतं.

खाली गाडीवर त्याच दिवशी माणसं बदललेली होती. नवा माणूस नियमाचा पक्का निघाला.

"काका, ओला-सुका वेगळा करा. असा घेणार नाही."

"ह्यो माझो नाय, लोकांचो," धोंडू म्हणाला.

"तुम्ही आणला ना? मग तुमचाच."

धोंडू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. पिशव्या सोडल्या. भातात प्लास्टिक, प्लास्टिकात मासळीचे काटे, त्याखाली चारखंडं. बाजूने शाळेची रिक्षा गेली, ऑफिसला निघालेली माणसं नाकाला रुमाल लावून वळसा घालून गेली. त्यातला एक जण मंडळाचा जुना कार्यकर्ता होता. त्याने धोंडूला ओळखलं, आणि ओळखलं नाही असं दाखवून तो पुढे गेला. धोंडूने पिशवीत हात घातला.

"हातानं नका करू. काच असती."

शेवंती होती. तिने दुसऱ्या चाळीचं पिंप गाडीत ओतलेलं होतं. ती त्याच्या समोर बसली आणि आकड्याने भराभर ओढायला लागली. ओलं इकडे, सुकं तिकडे. बघता बघता ढीग दोन झाले. धोंडू नुसता बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने तिला काम करताना असं जवळून पाहिलं नव्हतं.

"आळीत दिसणस नाय हल्ली," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"कशाला येऊ? येऊ नको म्हणून सांगितलं सगळ्यांनी."

"कोणी?"

"सगळ्यांनी. तुम्हीच नेता ना सगळ्यांचा. फुकट."

ती उठली, साडीला हात पुसले आणि पिंप घेऊन निघून गेली. धोंडूला उठायला वेळ लागला. गुडघे धरले होते, हे एक. पण गुडघ्यांनी एवढा वेळ घेतला नसता.

घरी येऊन त्याने सुगंधाला सांगितलं. ती आठळ्या सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही.

"माका ठावक होता," ती म्हणाली.

"मगे माका सांगलंस नाय कित्याक?"

"तुमी इचारलास खंय? काठयेक पिशये बांधून मिरवत होतास."

"मी माझोच न्हेणार होतंय गो. लोकांनी दिल्यानी म्हणान घेतलंय. मी काय तिचा काम काढूक गेलंय नाय."

"अवो, पण गेला ना?" सुगंधाने आता वर पाहिलं. "तुमच्या मनात नव्हता ता माका कळता. तिच्या चुलीक कसा कळात?"

 धोंडूला लाज वाटली, अगदी सरळ लाज, लहानपणी चुलत्याच्या बागेतले आंबे चोरताना पकडला गेला होता तेव्हा वाटली होती तशी. दुपारी ऊन उतरायची वाट न बघता त्याने टोपी घातली आणि तो शेवंतीच्या घरी निघाला. रस्ता त्याला लताला विचारावा लागला. रोज ज्या पायऱ्यांवरून तो उतरत होता, त्यांच्याच डाव्या हाताला तिची चाळ होती.

शेवंतीचा नवरा भाऊराव दारात बसून रंगाचे ब्रश रॉकेलमध्ये धूत होता. घरं रंगवायचं काम करायचा तो. त्याने धोंडूला नखशिखांत पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं ए, तुझ्या धंद्यातले नवे पार्टनर आलेत."

धोंडूला हसावं की रुसावं कळेना. आत बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची दिली ती त्याने घेतली. शेवंतीने चहा टाकला. गिरणीत असताना तो भाऊरावासारख्यांच्या डब्यात हात घालून जेवला होता, संपात त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. आणि टेकडीवर इतकी वर्षं राहून या चाळीत पहिल्यांदा येत होता. असं का झालं हे त्याला कोणी विचारलं नाही, तेच बरं झालं. चहा चांगला होता, सुगंधापेक्षा गोड.

"शेवंते, तू आळी परत घे," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

"तशी मी काय बसून न्हाई, काका. खालच्या चाळीनं कामाला घरं दिली. मानेला पण आराम आहे." तिने मान इकडून तिकडे फिरवून दाखवली. "खरं सांगू का? तुमची आळी मला परवडतच नव्हती."

"मगे करीत होतंस कित्याक?"

"सुगंधाताईंमुळं. वर गेलं की दोन मिनिटं बसायला मिळायचं."

भाऊराव ब्रश झटकत म्हणाला, "फणस संपले का ओ तुमचे?"

"दोन आसत अजून."

"कसा लागतो म्हणे?" भाऊराव हसला. "आमच्या हिनं अकरा वर्षं सालं उचलली. घरी आली की केसांना वास यायचा. आतलं काय असतं ते दोघांनी पण बघितलं न्हाई."

तो हसत बोलला, शेवंतीही हसली. मनात काही धरून नव्हते ते. धोंडूने कप खाली ठेवला. अकरा वर्षं तो कोयता घेऊन बसत होता, गरे टेकडीवरच्या कुठल्या कुठल्या घरात गेले होते, रिक्षावाल्यापर्यंत गेले होते.

"ऐंशी देव आमी," तो शेवटी म्हणाला. "येशीत मां?"

"शंभर."

"ऐंशी म्हणालेलंस."

"तवा तुम्ही उचललं नव्हतं," शेवंती म्हणाली. "आता उचललंय. तुम्हीच सांगा, ऐंशीचं काम आहे का ते?"

धोंडूने खांदा चोळला. 

"आणि मी मागायला येणार न्हाई, काका. मागून झालंय माझं. आळीला तुम्ही सांगा. आळी हो म्हणाली तर मी येते."

घरी गेल्यावर गऱ्यांची गोष्ट त्याने सुगंधाला सांगितली तेव्हा तिच्या हातातली आठळी तशीच राहिली. "माका वाटायचा, लता देता," ती म्हणाली. लताला बोलावलं. लता म्हणाली, "मी म्हटलंय, काकी देतत. चाय देतत ती गरे देवच्यो नाय काय?" नलिनीबाईंना वाटत होतं लता देते. असं घरोघर निघालं. सकाळी शेवंती यायची तेव्हा ताटं धुऊन झालेली असायची, दारात नुसती सालं असायची, आणि प्रत्येकाला खात्री की दुसऱ्याने आदल्या रात्री दिलेच असतील. सुगंधाने त्याच संध्याकाळी नवऱ्याला फणस फोडायला लावला, मोठा डबा भरला, आणि एरवी आळी न सोडणारी ती बाई एकटी विहाराकडे उतरून गेली. दिवेलागणीला परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही.

हे सगळं ठीक. पण दराचा प्रश्न होता तिथेच होता, आणि तो सोडवायचा धोंडूला.

रविवारी संध्याकाळी देवळासमोर मंडळ बसलं. बाळ तावडे सेक्रेटरी. पन्नाशीचा माणूस, एका औषध कंपनीत हिशेब बघायचा, कामाचा आणि बोलायला गोड. गणपतीची वर्गणी, मांडवाचं कापड, सगळं उरकल्यावर धोंडू उभा राहिला.

"शेवंताबायक परत बोलवूचा आसा. शंभर रुपयांनी."

थोडी कुजबुज झाली. कोणी म्हणालं, "पन्नासाचे एकदम शंभर?" कोणी म्हणालं, "टीव्हीवर म्हणतत महापालिका पण पैशे लावतली. मगे दोनदा देवचे काय?" तावड्याने हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"पण काका, प्रश्न खंय इलो?" तो म्हणाला. "तुमी नेतास मां? काय अडचण नाय आमका."

"माका झेपणा नाय, बाळ."

"फुकट म्हणान झेपणा नसात. फुकट नको." तावड्याने सगळ्यांकडे बघितलं. "आमी तुमका घरामागे पन्नास देतंव. तिका दिले काय, तुमका दिले काय. तुमी तर घरातलेच. नाय तरी दिवसभर बसान असतास, तुमकाय चार पैशे सुटतीत. काय म्हणतास रे?"

माना हलल्या. "चांगला आसा," कोणीतरी म्हणालं. नलिनीबाई म्हणाल्या, "धोंडू येळेवर येता, शेवंती कधी उशीर करी."

कोणाच्याही मनात अपमान करायचा नव्हता, आणि म्हणूनच तो धोंडूला असा जाऊन लागला. ज्या आळीत त्याने मूर्ती ठरवल्या, लग्नं जमवली, भांडणं मिटवली, त्या आळीने त्याला जागेवर बसल्या बसल्या कचऱ्याला लावून टाकलं, आणि वर त्याच्यावर उपकारही केले. त्याच्या अंगाची आग झाली.

"माका काय तुमी," त्याने सुरुवात केली, "माका काय तुमी कचरे..."

आणि तो थांबला. पुढचा शब्द तोंडात आला होता, तो त्याने दातांमागे धरला. तो शब्द शिवी म्हणून त्याच्या तोंडात आला होता, आणि शेवंती अकरा वर्षं रोज सकाळी तोच होऊन या आळीत येत होती. सुगंधा बायकांच्या रांगेत बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि आज तिच्या डोळ्यांत गंमत नव्हती. त्याने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"बाळ, तू हिशेबाचो माणूस," तो म्हणाला. आवाज बसला होता, पण राग उतरला होता. "तर हिशेब आयक. मी ह्या काम केलंय. मासळीचा पाणी माझ्या चपलेत गेला, डायपर ह्या हातांनी वेगळे केलंय. रस्त्यावर बसान केलंय, वळखीचो माणूस तोंड फिरवून गेलो. तू म्हणतंस पन्नास. माका पन्नासात परवडाचा नाय."

"मगे किती?" तावड्याने विचारलं. तो अजूनही हसत होता.

"माझो दर दीडशे. मे महिन्यात दोनशे. गाठ मारल्याशिवाय पिशवी घेवचंय नाय, आणि दार उघडून हातात दिल्याशिवाय तर नायच. देतलास तर उद्यापासून येतंय."

 धोंडू थट्टा करत नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. लताने मान खाली घातली आणि उगाच नातीचे केस सारखे केले.

"शेवंताबाय शंभरात येता," धोंडू म्हणाला. "माझ्यापेक्षा ती स्वस्त आसा. आणि तिका काम येता. बघा आता, तुमका कोण होया ता."

तो खाली बसला. तावडे विचार करत होता, बोटांवर काहीतरी मोजत होता. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुगंधा बोलली. मंडळाच्या बैठकीत ती कधी बोलत नसे.

"परबांचे शंभर लिवा," ती म्हणाली.

"आमचेय लिवा," लता म्हणाली. मग एकेक घर लागत गेलं, काही आनंदाने, काही शेजारच्याकडे बघून. नलिनीबाईंनी मे महिन्यापुरती कटकट केली, पण त्यांनीही लिहायला लावलं. तावड्याने सगळं लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "काका, तुमचो दर मात्र जास्त होतो." "कामच तसा आसा," धोंडू म्हणाला, आणि दोघेही हसले. बैठक नारळ फोडून उठली.

एक तारखेला शेवंती वर आली. दारं उघडी होती. काहींनी पिशव्या हातात दिल्या, काहींनी जुन्या सवयीने उंबऱ्यावर ठेवल्या आणि मग लक्षात येऊन वाकून उचलून दिल्या. तावड्याने तर "गुड मॉर्निंग" म्हटलं, ते तिला जरा जास्तच झालं. परबांच्या दारात ती पायरीवर बसली, सुगंधाशेजारी, आणि दोघींनी सावकाश चहा घेतला. त्यांचं काय बोलणं चाललं होतं ते धोंडूने ऐकायचा प्रयत्न केला, पण त्या हळू बोलत होत्या आणि मधूनच हसत होत्या. आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता, खालच्या गच्च्यांवर लोक निळी ताडपत्री ओढून बांधत होते.

चहा झाल्यावर शेवंतीने परबांची बादली पिंपात उलटी केली. पिंप काठोकाठ भरलं. तिने चुंबळ डोक्यावर बसवली, पदर खोचला आणि ती इकडेतिकडे बघायला लागली. एरवी ती भरलं पिंप ढकलत ढकलत पायऱ्यांच्या तोंडाशी न्यायची, आणि दोन-तीन पायऱ्या खाली उतरून तिथून ते डोक्यावर ओढून घ्यायची. आज तिने ढकललं नाही.

"काका," ती म्हणाली, "जरा हात लावा."

धोंडू ओट्यावरून उतरला. त्याने पिंपाची एक कड धरली, तिने दुसरी. दोघांनी एकदम उचललं. खांद्यात कळ आली, पण वजन त्याच्या ओळखीचं होतं. छातीपर्यंत आलं, कपाळापर्यंत आलं, चुंबळीवर टेकलं. शेवंतीची मान क्षणभर खाली दबली आणि मग सरळ झाली. तिने पाय रोवले.

धोंडूने कड धरूनच ठेवली होती.

"सोडा आता," शेवंती म्हणाली. "घेतलंय मी."

मग त्याने हात सोडले.